टोल्याच्या घड्याळाची बारीक हत्यारं: कोल्हापुरात मिळतात, की स्वतःच करायची?

टोलेजंग
सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी.

आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात आजोबांच्या वेळचं टोल्याचं घड्याळ आहे. तबकडीवर ‘सेकोशा’ लिहिलंय. दर रविवारी अंघोळ झाली की आजोबा स्टुलावर चढून चावी द्यायचे. तो मान दुसऱ्या कुणाला नव्हता. ते गेले त्याला तीन वर्षं झाली, त्यानंतर काही महिन्यांत घड्याळही बसलं. आता चावी दिली की चार-पाच मिनिटं चालतं आणि थांबतं.

ज्या काकांकडं ते पूर्वी जायचं त्यांनी दुकान आवरलं. तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. दुसऱ्या एका दुकानात नेलं तर तो म्हणाला, “मशीन काढून सेलचं बसवतो. चारशे रुपये. लंबक पण हलत राहील, दिसायला.” ‘दिसायला’ हा शब्द ऐकला आणि घड्याळ काखेत मारून घरी आलो.

स्वतःच उघडायचं ठरवलंय. नोकरी बँकेत, हत्यारांशी संबंध स्टेपलरपुरता. व्हिडिओ बघून यादी केली: बारीक स्क्रूड्रायव्हर, चिमटे, डोळ्याला लावायचं भिंग, ‘ब्रोच’ नावाचं काहीतरी निमुळतं, कमान (चावीची स्प्रिंग) सोडवायची चावी, तेल घालायची काडी. हौसेनं एक स्वस्त संच ऑनलाइन मागवला. पहिल्याच स्क्रूला त्याचं तोंड कणकेसारखं वळलं, वर खाचेला ओरखडा. स्विस संच बघितला तर किंमत पाच आकडी!

कोल्हापुरात ही हत्यारं कुठं मिळतील का? का कुणी करून देईल? का मीच करू? कुणी केलं असेल तर जरा सांगा.


अडीचपर्यंत
सोमवार, रात्री १०:५२

चारशेत चालू होत होतं की भावा. नसता नाद.


टोलेजंग
सोमवार, रात्री १०:५५

नाद हायच. 🙂


निवृत्त फिटर
मंगळवार, सकाळी ६:१५

टोलेजंग, आधी एक काम करा. यादी फाडून टाका. हत्यार आधी घेतलं की त्याच्यासाठी काम शोधावं लागतं. काय बिघडलंय ते घड्याळाला सांगू द्या, मग त्याला लागेल तेवढंच करू.

मी ३२ वर्षं टूलरूममध्ये काढली, निवृत्तीनंतर घड्याळांच्या मागं लागलोय. तुमच्या यादीतलं भिंग आणि एक बरा चिमटा सोडला तर बाकी सगळं घरी होतं. भिंग ३x किंवा ४x चं पुरे. १०x चं घेऊ नका. २५ सेंटिमीटरला त्या आकड्यानं भागलं की भिंगापासून वस्तू किती लांब धरायची ते येतं. १०x ला उरतात अडीच सेंटिमीटर, मग स्क्रूड्रायव्हर नाकात घालणार का?

आता स्क्रूड्रायव्हर. तुमच्या संचाचं तोंड का वळलं? पोलाद कच्चं हे एक कारण झालं. खरं दुखणं आकाराचं आहे. स्क्रूच्या खाचेच्या भिंती सरळ उभ्या असतात आणि स्वस्त स्क्रूड्रायव्हरचं तोंड असतं पाचरीसारखं. पाचर खाचेच्या फक्त वरच्या कडांना टेकते, पीळ दिला की वर उचलते आणि कडा खाऊन बाहेर येते. तोंडाच्या शेवटच्या एक-दीड मिलिमीटरमध्ये दोन्ही बाजू एकमेकींना समांतर हव्यात. जाडी खाचेएवढी, खाचेच्या तळाला टेकेल अशी. रुंदी स्क्रूच्या डोक्याएवढी. डोक्यापेक्षा रुंद केली तर आजूबाजूच्या पितळेवर ओरखडे, अरुंद केली तर सगळा जोर खाचेच्या मधल्या भागावर येतो.

करायचं असं. ३ मिलिमीटरची सिल्व्हर स्टीलची कांडी घ्या. हार्डवेअरवाल्याला लेथचं काम करणारी गिऱ्हाइकं असतील तर त्याच्याकडं असते. बारीक कानशीनं दोन बाजू घासून तोंड करा. मग खोलीत अंधार करून गॅसवर तापवा, म्हणजे रंग कळतो. डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल झाला की लोहचुंबक लावून बघा. चिकटत नसेल तर अजून किंचित तापवा आणि सरळ उभी तेलात बुडवा. आडवी बुडवली तर वाकते. मी शेंगतेल वापरतो. बाहेर काढल्यावर तोंडावर कानस फिरवा. घसरली, अजिबात धरली नाही, तर पाणी (म्हणजे कडकपणा) बरोबर बसलं.

पण आता ती काचेसारखी ठिसूळ आहे. अशीच वापरली तर तोंड टचकन तुटतं, आणि तुकडा डोळ्याकडंच येतो. म्हणून पॉलिश पेपरनं तोंड चकचकीत करायचं आणि पाठीमागचा दांडा मंद ज्योतीवर धरायचा. तोंड ज्योतीत नाही! रंग दांड्याकडून तोंडाकडं चालत येताना दिसतात. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा (साधारण २३० अंश), मग तपकिरी, मग वांगी रंग (२८० च्या आसपास), मग निळा (३०० च्या आसपास). स्क्रूड्रायव्हरला वांगी संपून निळा सुरू होतोय तिथं गाठायचं आणि पटकन गार करायचं. कापणाऱ्या हत्याराला पिवळ्यावर थांबायचं. निळ्याच्याही पुढं करडा आला तर झालं, परत पहिल्यापासून.

पहिल्या दोन कांड्या वाया जातील. जाऊ द्या.


सदाशिवपेठी
मंगळवार, सकाळी १०:०५

फिटरसाहेबांच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण एक स्पष्ट सांगतो. आजोबांच्या घड्याळावर हात साफ करून घेणं मला मान्य नाही. ‘चालतंय की’ म्हणून केलेल्या हत्यारांनी आपल्याकडच्या कितीतरी जुन्या घड्याळांचे स्क्रू खराब झाले आहेत. चांगली हत्यारं महाग असतात, त्याला कारण असतं. स्वित्झर्लंडमधल्या ल लॉकलची बर्जॉन ही हत्यारांची पेढी १७९१ पासूनची आहे. त्यांच्या स्क्रूड्रायव्हरना मापागणिक रंगाचं कडं असतं. १ मिमी म्हणजे काळं, १.२ लाल, २ हिरवं, २.५ निळं, ३ तपकिरी. रंग बघून हात बरोबर त्यावर जातो. ड्यूमाँच्या चिमट्यांनाही क्रमांक आहेत, ५ क्रमांकाचा सर्वांत अणकुचीदार.

पूर्ण संच घेऊ नका. भिंतीवरच्या घड्याळाला २, २.५ आणि ३ हे तीन सुटे घेतले तरी पुष्कळ झालं. आणि ५ क्रमांकाचा चिमटा तर मुळीच नको. तो मनगटी घड्याळाच्या केसासारख्या स्प्रिंगसाठी आहे. टोल्याच्या घड्याळातली पिन त्यानं ओढली की टोक वाकलंच.


निवृत्त फिटर
मंगळवार, सकाळी १०:३०

तीन सुटे घेण्याचं मान्य. चिमट्याचंही मान्य. ‘चालतंय की’चं मान्य नाही. 🙂


सोनारगल्ली
मंगळवार, दुपारी २:२०

टोलेजंग, मंगळवार पेठेत राहून हत्यारं कुठं मिळतात विचारताय? गुजरीत, सोनारांच्या बाजारात या की. घड्याळाच्या हत्याराचं दुकान म्हणून शोधलं तर पाटी कुठंच दिसणार नाही. पण बारीक धातूकाम करणाऱ्याला जे लागतं ते सगळं कारागिरांच्या सामानाच्या दुकानात आहे. बारीक कानशी (गोल, चौकोनी, तिकोनी, अर्धगोल), सोनारी करवत आणि तिची केसासारखी पाती, लहान ऐरण, हातोडी, टाकणखार, तार ओढायचं जंतर.

जंतराचं घड्याळात काय काम, विचाराल. घड्याळाच्या दोन पितळी पाट्या बऱ्याचदा निमुळत्या पिनांवर बांधलेल्या असतात. जुन्या पिना काढल्या की पुन्हा घालायच्या लायकीच्या राहत नाहीत. पितळेची तार जंतरातून हव्या त्या मापाला ओढायची, हातशिकंज्यात धरून फिरवत फिरवत कानशीनं निमुळती करायची. दहा मिनिटांत आठ पिना. बाबांना हुपरीच्या एका चांदी कारागिरानं शिकवलं होतं, मी बाबांकडून शिकलो.

कानस घेताना सांगतो. दात बारीक बघा, आणि नवी कानस आधी पितळेवर चालवा, मग पोलादावर. पोलादावर धार गेलेली कानस पितळेवर नुसती सरकते, उलटं केलं तर दोन्हीकडं चालते. माझ्याकडं पितळेच्या कानशींच्या मुठीला पांढरा दोरा बांधलेला असतो. घरात कुणी हात लावला तर भांडण.


लंबकर्ण
मंगळवार, रात्री ९:१०

धागा छान चाललाय, पण कमानीबद्दल अजून कुणीच बोललं नाही म्हणून घाईनं लिहितोय. टोलेजंग, कमान सोडवल्याशिवाय एकही पाटी उचकटू नका. एकही!

मी उचकटली होती. अन्सोनिया होतं, ब्रुकलिनचं. (अवांतर: त्या कंपनीची यंत्रसामग्री १९२९ मध्ये रशियानं विकत घेतली आणि त्यावर मॉस्कोत घड्याळं काढली.) तर मला वाटलं, घड्याळ बंद आहे म्हणजे चावी संपलेली असणार. घड्याळ बंद होतं ते घाणीनं, कमान जवळपास पूर्ण भरलेली होती. चौथा नट सैल केला आणि आवाज झाला तो फटाक्यासारखा. चक्राचे अकरा दात गेले, पाटी वाकली आणि माझ्या अंगठ्याला पाच टाके. आठ दिवसांची चावी त्या पट्टीत साठलेली असते, हे मी तेव्हा शिकलो.

टोल्याच्या घड्याळात कमानी दोन असतात, एक चालण्याची, एक टोल्यांची. दोन्ही सोडवायच्या.


टोलेजंग
मंगळवार, रात्री ९:२५

बाप रे. मी उद्या मागची पाटी काढणारच होतो. पण सोडवायच्या कशा? चावी उलटी फिरवायला गेलो तर खुंटी अडवते.


उद्यमनगरचा पोरगा
मंगळवार, रात्री ११:५०

टोलेजंग दादा, मी सांगतो. आमचा लेथ हाय उद्यमनगरात. घड्याळातलं मला काय कळत न्हाई, पण गेल्या वर्षी एक काका आले नि म्हणाले, लाटणं आणलंय, त्याला चावी बसवून दे. मला वाटलं गंमत करायलेत.

गंमत न्हवती. तुटकं लाटणं, गुळगुळीत गोल. त्याच्या टोकाला भोक पाडलं, पितळी तुकडा टर्न करून घट्ट ठोकून बसवला, त्याच्या तोंडाला कमानीच्या दांड्याएवढं चौकोनी भोक. मग काकांनी घड्याळ लाकडी पट्ट्यांवर घट्ट बांधून करून दाखवलं. चावी देतोय तसं लाटणं थोडं पुढं पिळायचं म्हंजे खुंटीवरचा भार जातो. स्क्रूड्रायव्हरनं खुंटी बाजूला धरून ठेवायची, नि मूठ किंचित सैल करत लाटणं तळहातात घसरू द्यायचं. करकर करकर करत कमान उलगडती. सादी चपटी चावी आसली तर हातातनं सुटून बोटं फोडती. लाटणं गोल म्हणून घसरतंय पण सुटत न्हाई.

चौकोनी भोक कसं केलं? आधी चौकोनाच्या बाजूएवढं गोल ड्रिल, मग चौकोनी कानशीनं कोपरे काढले. माप व्हर्नियरनं घ्या, ‘दोन सूत असेल’ आसं सांगू नका. आमच्याकडं लोक सुतात सांगतात नि मग थावाच्या (इंचाच्या हजाराव्या भागाच्या) फरकासाठी भांडत्यात.

आनि एक. उद्यमनगरात कुणाकडंबी गेला तर आधी हसतील. आम्ही इंजिनाचे पार्ट, व्हॉल्व्ह, असली कामं करतोय. दोन मिलिमीटरचा बुश (भोकात बसवायची बारीक नळी) म्हटलं की चक धरतच न्हाई. पन दुपारी लोड कमी असतोय तेव्हा चहा घेऊन जावा. कुणीतरी एक म्हातारा मिस्त्री असतोयच, त्येला असलं काम आवडतंय.


सुईदोरा
बुधवार, सकाळी ११:००

मी शिलाई मशीन दुरुस्त करतो, घड्याळं नाही. पण तुमच्या यादीतल्या दोन वस्तू माझ्याकडं फुकट पडलेल्या असतात.

तेल घालायची काडी: मशीनची तुटकी सुई घ्या. टोक लालभडक तापवून हवेत आपोआप गार होऊ द्या, म्हणजे मऊ पडते. ऐरणीवर टोक हलकं ठोकून चपटं करा आणि कानशीनं भाल्याच्या पात्यासारखं करा. तेलात बुडवून काढलं की त्या पात्यावर एकच थेंब टिकतो, भोकाला टेकवला की तिथं उतरतो. मागं वेताची नाहीतर बांबूची मूठ. आमच्या मशीनच्या तेलाची बाटली घेऊन मात्र घड्याळात ओतू नका. ते पातळ असतं, जागेवर थांबत नाही, पसरतं.

ब्रोच: यासाठी दाभण. पोती शिवायचं. ते आधीच निमुळतं आणि कडक असतं (विकत घेताना कानस लावून बघा, हल्ली मऊ पण येतात). तेलाच्या दगडावर त्याच्या पाच बाजू सपाट घासल्या की पाच कडा तयार होतात आणि भोक कापत मोठं करतं. गुळगुळीत करायला दुसरं दाभण, न घासलेलं, तसंच गोल.


सदाशिवपेठी
बुधवार, सकाळी ११:४०

सुईदोरा दादा, दाभणाची कल्पना आवडली. पण हातानं घासलेल्या पाच बाजू सारख्या येतील का? नाहीतर भोक वाकडं जायचं.


सुईदोरा
बुधवार, दुपारी १२:०५

दादा नाही, ताई. कोल्हापुरात आम्ही बायका ‘मी करतो, मी जातो’च म्हणतो.

बाजू अगदी सारख्या येत नाहीत. पण भोक गोल राहतं ते हत्यार हळू आणि पूर्ण फिरवल्यानं. अर्धाच हात मागं-पुढं केला की भोक गोल न राहता कोपऱ्यांचं होतं. विकतच्यानं पण होतं.


सदाशिवपेठी
बुधवार, दुपारी १२:०८

क्षमस्व, ताई. हे दोन्ही वहीत नोंदवलं.


निवृत्त फिटर
बुधवार, दुपारी ४:३०

सुईदोराताई, नमस्कार. दाभणाचं मला सुचलं नव्हतं.

बुशबद्दल थोडं, कारण टोलेजंगना ते लागणार असं दिसतंय. चाकाच्या दांड्याचं टोक वर्षानुवर्षं पितळी पाटीत फिरून भोक लांबट करतं. ज्या बाजूला शेजारचं चाक ढकलतं त्या बाजूला. मग दोन चाकांचे दात एकमेकांत नीट बसत नाहीत आणि जोर वाया जातो. नवशिके लांबट भोकात सरळ ब्रोच घालतात. ब्रोच झिजलेल्या बाजूला पळतो, नवा बुश चुकीच्या जागी बसतो आणि घड्याळ आधीपेक्षा वाईट चालतं. आधी बारीक गोल कानशीनं न झिजलेल्या बाजूला तेवढंच घासायचं, म्हणजे मूळ मध्य पुन्हा मध्यावर येतो. मगच ब्रोच, तोही पाटीच्या आतल्या बाजूनं. बुश घट्ट दाबून बसला की त्याचं भोक टोकाच्या मापाचं करायचं, पण अगदी नेमकं नाही. दांडा भोकात उभा केल्यावर किंचित कलला पाहिजे. घट्ट बसला तर थंडीत थांबणार.

काही जण भोकाभोवती खिळ्यानं ठोकून पितळ आत सरकवतात. तुमच्या घड्याळात तसे टोचे दिसले तर दचकू नका, पन्नास वर्षांपूर्वीचे असतील. फक्त तुम्ही नवीन मारू नका.

कमान पाटीतून बाहेर काढायची तर तिला बांधायला कडं लागेल. अशा घड्याळांत ती बहुधा उघडीच असते, डबीत नसते. उद्यमनगरच्या पोराला सांगा, जीआय पाइपचा पाऊण इंच रुंदीचा काप काढून त्यात खाच पाडून दे, ‘सी’सारखी. धारा मात्र घासून घ्या. चावी पूर्ण द्यायची, कडं कमानीवर चढवायचं, मग लाटण्यानं उलगडत न्यायची. कमान कड्यात येऊन बसते. हातमोजे घाला. लंबकर्णांचा अंगठा आठवा.


पन्हाळ्याचा वारा
बुधवार, सायंकाळी ७:१५

वाखुसा (वाचनखूण साठवली).

माझ्याकडून दोन गोष्टी. बाहेरचे घड्याळजी दांड्याची टोकं पुसायला एल्डर नावाच्या झाडाचा मऊ गाभा वापरतात, भोकं साफ करायला टोकदार लाकडी काड्या. आपल्याकडं शाळूच्या वाळल्या धाटाचा गाभा घ्या. लहानपणी चिपाडाच्या बैलगाड्या केल्या असतीलच, तोच. चिमट्याचं टोक त्यात दोन-तीनदा खुपसलं की तेल-मळ साफ. बाशिंगाचं भेंडही चालतं, उलट जास्त मऊ. भोकांसाठी बांबूची काडी तासून टोक काढायचं, भोकात फिरवायचं, काळं झालं की पुन्हा तासायचं. काडी पांढरी बाहेर येईपर्यंत. अख्खं यंत्र रॉकेलमध्ये बुचकळून काढणारे खूप बघितलेत, भोकातला मळ जागचा हलत नाही.

दुसरं, हत्याराच्या तोंडाला झिलई द्यायला चामडं. चप्पल करणाऱ्याकडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याची कातरण मिळते. लाकडी पट्टीवर चिकटवा, सोनारी लाल पावडर लावा. फिटरकाकांचे रंग अशा चकचकीत पोलादावर सगळ्यात स्वच्छ दिसतात.


अडीचपर्यंत
बुधवार, रात्री ८:००

लाटणं, दाभण, शाळू, चप्पल. घड्याळ दुरुस्त करायलाय का रुखवत मांडायलाय?


इचलकरंजी एक्स्प्रेस
बुधवार, रात्री ८:२०

रुखवतात आमची पण एक वस्तू घ्या. मागाच्या मोडक्या फणीची पोलादी पाती. पातळ, लवचिक, कडा गुळगुळीत. टोकाला किंचित बाक दिला आणि दोन पाती दोन्ही बाजूंनी सरकवली की काटे आणि घट्ट बसलेली चाकं अलगद उचलता येतात. खाली कागद ठेवा, तबकडीवर ओरखडा नको. कुठल्याही फणीवाल्याकडं भंगारात मिळतील.


टोलेजंग
रविवार, सकाळी ११:३०

मंडळी, अहवाल.

गुजरीत गेलो. सोनारगल्लींनी सांगितलं तशा तीन कानशी, करवतीची पाती आणि लहान ऐरण घेतली. दुकानदारानं विचारलं, “काय काम करता?” मी म्हणालो बँकेत. त्यानं पुढं काही विचारलं नाही.

सिल्व्हर स्टीलवर घरात चर्चा झाली. आईला वाटलं चांदी आहे, गॅसवर कशाला जाळतोस. (फिटरकाका, यात खरंच चांदी असते का?) पहिली कांडी जास्त तापून करडी झाली. दुसरी आडवी बुडवली आणि केळीसारखी वाकली. तिसरी जमली! शेंगतेलाच्या धुरानं सगळं स्वयंपाकघर भज्यांच्या गाडीसारखं झालं होतं, पण वांगी रंग तोंडाकडं सरकताना बघितला आणि ओरडलोच. मूठ म्हणून जुन्या कॅरमच्या स्टँडचा तुकडा लावलाय. जो स्क्रू विकतच्या संचानं हलला नव्हता तो या कांडीनं ‘टक’ करून सुटला. ओरखडलेली खाच तशीच आहे, ती आता माझी सही.

लाटणं उद्यमनगरात करून घेतलं. खरंच आधी हसले. मग एका मिस्त्रींनी माप घेतलं, चष्मा बदलला, पुन्हा माप घेतलं आणि पैसे घेतले नाहीत. घड्याळ चालू झालं की आणून दाखव म्हणाले.

आता गंमत. कमानी सोडवायच्या आधी फिटरकाकांना फोन केला (नंबर दिलात त्याबद्दल आभार). ते म्हणाले, फोन घड्याळाजवळ धर. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, “लंगडतंय.” टिक आणि टॉक यांतलं अंतर सारखं नव्हतं. टिक-टॉक…… टिक-टॉक…… असं. आजोबा गेल्यावर घर रंगवलं तेव्हा घड्याळ उतरवून पुन्हा टांगलं होतं, तेव्हा लंबकाला ढकलणारी तार वाकली असणार. बोटानं ती केसभर इकडं-तिकडं करत, कान लावत, आवाज सारखा आणला. घड्याळ सात तास चाललं. म्हणजे अर्धं दुखणं बोटानं बरं झालं. तीन वर्षं!

सात तासांनी मात्र पुन्हा थांबलं. मग काल उघडलं. टोल्यांच्या बाजूची भोकं ठीक, चालण्याच्या बाजूचं वरून दुसरं भोक चांगलंच लांबट. दाभण तयार केलंय. बुशसाठी पितळी कांडी मिस्त्रींकडूनच आणली.


निवृत्त फिटर
रविवार, दुपारी १२:१५

सिल्व्हर स्टीलमध्ये चांदी नसते. कार्बन साधारण एक टक्का, आणि घासून चकचकीत केलेली असते म्हणून ते नाव. आईंना सांगा, चांदी जाळलेली नाही.

बुशच्या आधी त्याच मापाची तीन भोकं एका भंगार पितळी पट्टीत करून बघा. चौथं घड्याळात.


सदाशिवपेठी
रविवार, दुपारी १:४०

टोलेजंग, अभिनंदन. मी आधी जरा कडक बोललो. तिसऱ्या कांडीचा फोटो टाका. तोंड समांतर आलंय का बघायचं आहे.

जाता जाता, दांड्याच्या टोकांना तेल, चाकांच्या दातांना नाही. दातांवर तेल घातलं की धूळ चिकटते आणि तीच पेस्ट दात खाते. लोक हे हमखास करतात, आणि वर खोबरेल.


टोलेजंग
पुढचा शनिवार, रात्री १०:१०

फोटो टाकलाय. दाभणानं भोक झालं, पट्टीत तीन आणि घड्याळात एक. बुश पहिल्या वेळी सैल बसला, दुसरा केला. पिना सोनारगल्लींच्या पद्धतीनं केल्या, दहा मिनिटांत आठ नाही, दीड तासात सहा. बांबूच्या काड्यांचा ढीग झाला, शेवटची पांढरी निघाली. बुधवारपासून घड्याळ चालू आहे. दिवसाला चार मिनिटं मागं पडत होतं, लंबकाखालचा नट वर चढवत चढवत आता अर्ध्या मिनिटावर आणलंय. मिस्त्रींना दाखवून आलो. त्यांनी कान लावला आणि चहा मागवला.

एकच अडचण. सात वाजता चार टोले देतं. आठ वाजता पाच. काटे फिरवून बघितले, टोले आपल्याच हिशेबानं चालतात. आई म्हणते राहू दे, आजोबांच्या शेवटच्या वर्षातही असंच वाजायचं, ते मनात तीन मिळवायचे.


निवृत्त फिटर
शनिवार, रात्री १०:३५

बिघाड नाही. तुमच्या घड्याळात टोले मोजणारं चाक काट्यांना बांधलेलं नसतं, स्वतःच्या क्रमानं एक, दोन, तीन करत जातं. ते चुकीच्या घरात आहे, इतकंच. तबकडीखालून आत हात घाला. एक बारीक तार खाली लोंबत असेल. ती वर ढकलली की पुढचे टोले वाजतील. वेळेशी जुळेपर्यंत ढकलत राहा.


टोलेजंग
शनिवार, रात्री १०:५०

तार अर्ध्यात तुटलेली आहे. बोट पोचत नाही. म्हणजे आजोबांचंही पोचत नसणार.

एक आकडा करून वर ढकलावं म्हणतोय. कशाचा करू?


निवृत्त फिटर
शनिवार, रात्री १०:५२

छत्रीच्या काडीचा. जुन्या छत्रीच्या.


अडीचपर्यंत
शनिवार, रात्री १०:५३

घ्या. रुखवतात छत्री राहिलीच होती. आमच्या माळ्यावर एक मोडकी हाय, उद्या आणून देतो.